सत्कार सापडले, आबा सापडले नाहीत

चाकणच्या एका हार्ड डिस्कवाल्यानं मला फसवलं. जुन्या डिस्क नव्या म्हणून विकल्या. एक नाही, दोन. हे मी त्याच्या दुकानासमोर उभं राहून ओरडून सांगितलं आहे आणि इथं लिहूनही ठेवतो. पण या प्रकरणातला तो सगळ्यात लहान चोर आहे. मोठा चोर अजून गावभर मलाच चोर म्हणत फिरतो आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी लग्नांचं शूटिंग करतो. लातूरकडून आलो तेव्हा दापोडीत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. आठवडाभर कंपनीत प्रेसवर पत्रा दाबायचा आणि सुट्टीच्या दिवशी एका फोटोग्राफरच्या मागं लाइट धरून उभं राहायचं, असं सुरू झालं. आता भोसरीत, दिघीच्या रस्त्याला माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. कॅमेरे आहेत, ड्रोन आहेत, क्रेन आहे. यातली एकही वस्तू मी दुकानदारानं सांगितलेल्या किमतीला घेतलेली नाही. बायको म्हणते की दाताच्या दवाखान्यातसुद्धा मी विचारलं होतं, ‘डॉक्टर, दोन दाढा एकदम काढल्या तर किती?’ विचारलं होतं. कमी झाले होते.

लोकांना वाटतं, आमच्या धंद्यात खर्च कॅमेऱ्याचा. कॅमेरा एकदा घेतला की पाच वर्षं तोंड उघडत नाही. खाणारं तोंड आहे ते हार्ड डिस्कचं. शूट केलेलं सगळं कुठंतरी ठेवावं लागतं, आणि आमच्या भागातली लग्नं ठेवायची म्हणजे चेष्टा नाही.

कंपन्यांनी ज्या गावांच्या जमिनी घेतल्या, त्या गावांतली लग्नं मी करतो. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो, तो फक्त छापायचा म्हणून. लॉन्सवर खरी गडबड सुरू असते ती सत्काराची. आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, होऊ पाहणारे नगरसेवक, त्यांचे भाऊ, सोसायटीचे चेअरमन, दूध संघाचे कोणीतरी. एकेकाचं नाव पुकारायचं, फेटा बांधायचा, शाल घालायची, नारळ द्यायचा. मग त्यांनी दोन शब्द बोलायचे. त्यातला एक शब्द नवरा-नवरीसाठी असतो, बाकीचे निवडणुकीसाठी. नवरा-नवरी आपल्याच लग्नात आगंतुकासारखी कोपऱ्यात उभी. आणि प्रत्येक सत्कार तीन कॅमेऱ्यांनी घ्यायचा. एखाद्याचा फेटा अर्धा दिसला तर तो माणूस पुढच्या लग्नाला येत नाही, आणि तो आला नाही याचा दोष फोटोवाल्याला.

असं एक लग्न, हळद आणि ड्रोनसकट, दोन-तीनशे जीबी सहज खातं. त्यातून आम्ही तीन तासांची फिल्म काढतो आणि पेनड्राइव्हवर देतो. उरलेलं न कापलेलं फुटेज कुणाचं? लग्नवाल्यांचं. ते ठेवायचं कुणी? फोटोवाल्यानं. किती दिवस? हे कुणी सांगत नाही. ‘तुमच्याकडं असेलच की’ एवढंच म्हणतात. सहा वर्षांनी फोन येतो: आमच्या मावशी वारल्या, हळदीत त्या नाचल्या होत्या, ते जरा द्या. आपली स्वतःची डिस्क आणून भरून न्यावी, हे कुणाला सुचत नाही. फेटे बांधणाऱ्याला जेवढे देतात, त्याच्या निम्म्यात डिस्क येते. पण फेटा लोकांना दिसतो, डिस्क कुणाला दिसते?

हे ज्या लग्नावरून झालं, ते एका भंगार ठेकेदाराच्या मुलीचं होतं. बाहेरच्यांना भंगार म्हटलं की हातगाडी दिसते. आमच्याकडं तसं नाही. कंपनीच्या गेटमधून जे टाकाऊ बाहेर पडतं, लोखंड, पुठ्ठा, तारा, जुने कॉम्प्युटर, ते उचलायचा ठेका ज्याच्याकडं, त्याला जमीन विकलेल्यापेक्षा जास्त मान. या गृहस्थाकडं असे दोन-तीन ठेके. सगळे त्याला शेठ म्हणतात, मीही म्हणायचो.

त्याचे वडील, आबा, तेव्हा ऐंशीच्या पुढचे. सत्कारांची रांग संपत आल्यावर निवेदकानं रीत म्हणून त्यांच्या हातात माइक दिला. म्हाताऱ्यानं आयुष्यात माइक धरला नसावा. तंबाखूच्या डबीसारखा मुठीत धरला. दोन शब्द बोलले असतील, तेवढ्यात गेटवर कुणा साहेबांची गाडी आली. निवेदकानं आबांच्या हातातून माइक काढून घेतला आणि ‘सन्माननीय’ म्हणून आरोळी ठोकली. बाहेर फटाक्यांची माळ लागली. आबांना माइक गेल्याचं कळलंच नाही की फरक पडला नाही, ते नातीकडं वळून बोलत राहिले. मांडवात कुणालाही ऐकू गेलं नाही. माझा कॅमेरा दोन हातांच्या अंतरावर होता, त्यावर लांबचा आवाज पकडणारा माइक होता आणि माझ्या कानाला हेडफोन. मला सगळं ऐकू आलं.

‘पोरी,’ आबा म्हणाले, ‘तितं गेल्यावर करमलं न्हाई तर फोन कर. बापाला लावू नको. त्यो कामात आसतो, त्यो न्हाई उचलायचा. मला लाव. मी रिकामाच हाय. मी उचलीन.’

मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि निवेदकानं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. साहेबांसाठी.

फिल्म कापायचं काम बायको करते. तिनं हा तुकडा पूर्ण ठेवला होता, फटाक्यांचा आवाज दाबून, आबांचा वर काढून. शेठ बघायला आला. सोफ्यावर रेलून सगळे सत्कार पाहिले, मान डोलावली. आबा आले तसा सरळ बसला.

‘ह्ये म्हाताऱ्याचं काढा.’

‘शेठ, वडील आहेत तुमचे. आशीर्वाद देतायत.’

‘आवो पण बोलत्यात काय! बाप फोन उचलत न्हाई म्हनं. ह्ये चार पाव्हण्यांत दाखवायचं हाय मला. काढा. आन् सायबांचा सत्कार मधीच तुटतोय, त्यो पुरा घ्या.’

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. गिऱ्हाईक त्याचं, पैसे त्याचे, काढलं. जाताना मी त्याला नेहमीचं विचारलं, ‘न कापलेलं सगळं नेता का? एक डिस्क आणून द्या, भरून देतो.’

‘डिस्कला किती पडत्यात?’

मी सांगितलं.

‘येवढे? त्या डबीला? राव, ऱ्हाऊ द्या की तुमच्याकडंच. तुमी काय गाव सोडून पळून चाललाय व्हय?’

मी पळून चाललो नव्हतो. म्हणून ठेवलं.

तोपर्यंत माझ्याकडं अशा ठेवलेल्या लग्नांनी एक कपाट भरलं होतं. लहान लहान डिस्क, काळ्या, निळ्या, लाल. एकीची वायर दुसरीला चालायची नाही. प्रत्येकीवर बायकोच्या अक्षरात चिकटपट्टी. एखादं लग्न शोधायचं म्हणजे अर्धा दिवस आणि एक भांडण. मी ठरवलं की मोठ्या घ्यायच्या. सोळा टीबीची, म्हणजे सोळा हजार जीबीची, एक डिस्क म्हणजे अख्खं कपाट एका विटेत. टीबीमागं हिशेब केला तर लहान डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्त. शोधायला सोपं, जागा कमी, वायरींचं जंगल नाही. तोटा एकच: लहान डिस्क गेली तर एका मोसमाची गिऱ्हाइकं येऊन शिव्या देतील, मोठी गेली तर सगळी एकदम. त्यावर उपाय म्हणून दोन घ्यायच्या आणि एकीवरचं सगळं दुसरीवर उतरवून ठेवायचं. कुणीतरी सुचवलं, क्लाउडवर टाका. मी चौकशी केली. महिन्याला भाडं, आणि ते जन्मभर. भाडं भरायला लागू नये म्हणून तर मी दापोडी सोडली.

बायकोला दोन डिस्कचं पटलं, पण तिचा प्रश्न वेगळा होता.

‘दोन्ही एकाच दुकानातून घेणार?’

‘जोडीनं घेतल्या की स्वस्त पडतात.’

‘जोडीनं घेतल्या की जोडीनं जातील. एक इथून घ्या, एक पुण्यातून. कंपनी पण वेगळी बघा.’

‘वेगवेगळ्या घेतल्या तर भाव कसा पाडणार?’

‘अहो, भाव पाडायला चाललाय की डिस्क आणायला?’

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सोपं वाटलं होतं.

चाकणला रस्त्यालगतच्या एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर त्याचं दुकान. थंडगार एसी, काचेचं काउंटर, गोड बोलणारा माणूस. मी नेहमीप्रमाणं आधी दुसऱ्याच वस्तूचा भाव विचारला, मग डिस्ककडं आलो. त्यानं किंमत सांगितली, मी हसलो. त्यानं कमी केली, मी उठलो. जिन्यापर्यंत गेलो तर मागून हाक आली.

‘भाऊ, या या. तुमच्यापुढं कोण टिकणार? तुम्ही म्हणता त्याला घेऊन जा, पण बाहेर कुणाला भाव सांगू नका.’

जिन्यापर्यंतच गेलो होतो. खरा माल विकणारा माणूस मला रस्त्यापर्यंत जाऊ देतो, कधी कधी घरापर्यंत. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की समोरचा लवकर वाकला तर वस्तू उलटी करून बघा. त्या दिवशी मी वस्तू उलटी केली नाही. स्वतःच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. वॉरंटी कंपनीची नव्हती, ‘दुकानाची’ होती. तेही कानावरून गेलं. चंदेरी पिशवीत बंद, वर चकचकीत लेबल, आत ओल शोषणारी ती पांढरी पुडी. पुडीसुद्धा नवी होती. डिस्क सोडून सगळं नवं होतं.

घरी आणून सगळी लग्नं दोन्हींवर उतरवली. लहान डिस्क मोकळ्या करून विकल्या, चांगल्या भावात. दोन जागी नक्कल असताना तिसरी ठेवणं म्हणजे पैसे कुजवणं, असं माझं तेव्हा मत होतं, आणि डिस्क खऱ्या असत्या तर आजही असतं. मोसम आला, गेला. कामापुरत्या लावायचो, काढून ठेवायचो. तक्रार नव्हती.

मग आबा गेले. मी दहाव्याला घाटावर जाऊन आलो. शेठ पुढाऱ्यांच्या गराड्यात होता. तिथंही भाषणं झाली. नंतर थोड्या दिवसांनी शेठच्या मुलीचा फोन आला. लग्नानंतर ती नाशिकला असते.

‘काका, माझ्या लग्नात आबा माझ्याशी काहीतरी बोलले होते. फटाके वाजत होते, मला अर्धंच ऐकू आलं. फिल्ममध्ये ते नाहीये. तुमच्याकडं असेल का?’

‘माझ्याकडं सगळं असतं,’ मी म्हणालो. अगदी या शब्दांत.

‘घरात त्यांचा आवाज कशातच नाहीये, काका. फोटो ढीगभर आहेत. त्यांनी मोबाइल तो बटणांचा वापरला शेवटपर्यंत. मी रोज संध्याकाळी लावायचे, ते उचलायचे. रेकॉर्ड करावं असं कधी डोक्यात आलंच नाही.’

मी म्हणालो, उद्या पाठवतो.

दुसऱ्या दिवशी पहिली डिस्क लावली. टक, टक, टक, असा आवाज; दारावर कुणी नखानं वाजवावं तसा. काढली. दुसरी लावली. ती सुरू झाली, यादी दिसली, त्या लग्नाचं नाव दिसलं. मी त्यावर बोट दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग हिनंही तसंच नख वाजवायला सुरुवात केली. बायको मागं उभी होती. ‘जोडीनं,’ एवढं ती म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

पुण्यात बिघडलेल्या डिस्कमधून माल काढून देणारी एक लॅब आहे. तिथल्या बाईंनी दोन्ही डिस्क ठेवून घेतल्या. दोन दिवसांनी बोलावून विचारलं, ‘किती वापरल्यात?’

‘दोन वर्षंसुद्धा नाही. त्यातही बऱ्याच वेळा कपाटात.’

‘या कित्येक वर्षं दिवसरात्र चाललेल्या आहेत. सर्व्हरमधल्या. किती तास चालल्या त्याची नोंद कुणीतरी पुसलीय, पण झीज पुसता येत नाही.’ त्यांनी वरचं चकचकीत लेबल गरम हवेनं सोडवून दाखवलं. खाली दुसरं लेबल, अर्धवट खरवडलेलं: एका कंपनीच्या मालमत्तेचा क्रमांक. दुसऱ्या डिस्कवरही तेच, क्रमांक शेजारचा. एकाच मशीनमध्ये शेजारी शेजारी राबून दोघी एकदम म्हाताऱ्या झालेल्या. आणि मी त्यांच्यावर अख्ख्या पंचक्रोशीची लग्नं ठेवली होती.

त्यांचं काम काही आठवडे चाललं. जे निघेल ते निघेल, आपल्या हातात काही नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. शेवटी त्यांनी त्या लग्नातून जे वाचलं ते दिलं. बायको आणि मी बसून पाहिलं. माजी नगरसेवकांचा सत्कार निघाला. दूध संघाचा निघाला. गाडीतून उतरणारे साहेब निघाले. त्यांचा फेटा तीन बाजूंनी, एक पीळ न हलता. आबांच्या तुकड्याचं नाव होतं, लांबी होती, उघडल्यावर काळा पडदा आणि खरखर. जे फिल्ममध्ये आधीच होतं, पेनड्राइव्हवर घरोघर होतं, ते सगळं वाचलं. जे फक्त तिथंच होतं, ते गेलं.

मुलीला मी फोन करून खरं सांगितलं. आबा काय म्हणाले तेही शब्दाला शब्द सांगितलं, कारण मी विसरलेलो नाही. तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती म्हणाली, ‘काका, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. पण ते तुमच्या आवाजात आलं.’

यावर मी काय भाव करणार?

तिनं वडिलांना कळवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी शेठ दोन माणसं घेऊन स्टुडिओत आला. ‘तुमी’वरून ‘तू’वर यायला त्याला पायऱ्या लागल्या नाहीत.

‘माज्या बापाचा आवाज घालवला तू!’

‘तुम्हीच काढायला सांगितला होता.’

‘काढाया सांगितला व्हता, टाकाया न्हाई!’

‘मग डिस्क का नाही आणली? मी विचारलं होतं. डबीला एवढे पैसे कशाला म्हणालात.’

‘त्ये तुजं काम हाय. फोटोवाला कशाला लावतो मानूस? ठिवायला येत न्हाई तर नारळ इक.’

बायको म्हणाली, ‘शेठ, एक डिस्क तुमच्या घरी असती तर आज आबा घरी असते.’

‘ताई, तुमी मधी बोलू नका,’ म्हणाला, पण आवाज खाली आला त्याचा. मग माझ्या टेबलाजवळचा ट्रायपॉड लाथाडायचा होता म्हणून लाथाडला आणि गेला. ट्रायपॉड चांगल्या कंपनीचा होता, त्याला काही झालं नाही. माझं झालं. त्या आठवड्यात दोन लग्नं हातची गेली. चिंचवड गावठाणातल्या एका नवरदेवाच्या चुलत्यानं तर तोंडावर सांगितलं, ‘भावा, तुझ्याकडं दिलं की परत मिळत नाही म्हणतात.’ मी! ज्यानं लोकांच्या मावश्या सहा-सहा वर्षं फुकट सांभाळल्या!

त्या लेबलचा फोटो घेऊन मी चाकणला गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी आधी बाहेर उभा राहून जे बोलायचं ते बोललो, तशी ती निघून गेली. डिस्कवाल्यानं मला खुर्ची दिली, सरबत मागवलं.

‘भाऊ, शांत व्हा. अर्धे पैसे देतो.’

‘पूर्ण देतो,’ तो दोन मिनिटांनी म्हणाला. मी बोललोच नव्हतो.

‘पूर्ण, आणि लॅबचा खर्च. भाऊ, याच्यावर काय म्हणाल?’

जन्मात पहिल्यांदा दुकानदार भाव माझ्या बाजूनं वाढवत होता आणि मला त्यात चव नव्हती. मी म्हणालो, ‘पैसे ठेव तुझ्याकडं. माल कुठून आला ते सांग.’

‘पैसे घ्या ना, भाऊ.’

‘नको.’

‘असं कसं? तुम्ही पैसे सोडणारे नाही.’ तो खरंच घाबरला. घासाघीस करणारा माणूस पैसे नको म्हणतो, तेव्हा तो काय करील याचा अंदाज राहत नाही.

मी फोटो त्याच्यासमोर सरकवला. ‘या कंपनीचं भंगार कोण उचलतं ते मी पण शोधून काढीन. पण तू सांगितलंस तर तुझं नाव मी पोलिसांत घालणार नाही. हा शेवटचा भाव.’

त्यानं दाराकडं पाहिलं आणि सांगितलं. शेठच्या गोडाऊनमधून. जुन्या सर्व्हरच्या डिस्क खोक्यानं येतात.

‘कंपनी अशा डिस्क विकू देते?’

‘कुठं देते? फोडायच्या असतात. ठेक्यातच आहे तसं. आत कंपनीची माहिती असते ना. फोडल्याचं सर्टिफिकेट पण जातं कंपनीला, शेठच्या सहीनं.’

‘मग फोडत का नाहीत?’

तो माझ्याकडं लहान मुलाकडं पाहावं तसा बघत राहिला. ‘भाऊ, फोडली तर किलोचा भाव. नाही फोडली तर नगाचा.’

सरबत आलं होतं. मी प्यायलो. पैसे सोडले होते, सरबत कशाला सोडू?

शेठचं गोडाऊन तिथून लांब नाही. तो वजनकाट्याजवळ उभा होता, ट्रक काट्यावर चढत होता. मला पाहून तोंड फिरवलं. मी फोटो त्याच्या डोळ्यांपुढं धरला.

‘हे लेबल ओळखता?’

त्यानं पाहिलं. ओळखलं. माणूस ओळखतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी रोज कॅमेऱ्यातून बघतो.

‘आबांचा आवाज याच डिस्कवर होता,’ मी म्हणालो. ‘तुम्ही फोडली म्हणून सही केलेली. तुमच्या खोक्यातून चाकणला गेली, तिथून माझ्याकडं आली.’

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. शेठनं त्याला हातानं थांबवलं.

‘भंगार म्हंजे भंगार आसतं,’ तो म्हणाला. ‘आमी इकतो. म्होरं कोन काय करतं ते आमाला काय ठावं?’

‘तुम्हाला ठाऊक नाही, मग सही कशाची?’

‘आवाज चढवू नका.’ पुन्हा ‘तुमी’वर आला होता. मला बाजूला घेतलं, पत्र्याच्या सावलीत. आणि मग जे म्हणाला त्याची मला अपेक्षा नव्हती. ‘पोरीला सांगू नका. येवढं करा. पोराचं लग्न हाय पुढच्या मोसमात, काम तुमालाच. म्हनाल ती रक्कम. एक रुपाया कमी करनार न्हाई.’

असा भाव मला आजवर कुणी दिला नव्हता. मी नाही म्हणालो. म्हणालो, तुम्हीच तिला सांगा. गावात जे पसरवलंय ते तुम्हीच परत घ्या. त्यानं मान हलवली, ‘सांगतो, सांगतो,’ म्हणाला, आणि काट्याकडं वळला.

सांगितलं नाही. मुलीचा मध्ये पुन्हा फोन आला, ‘काका, लॅबमधून अजून काही निघालं का?’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती समजते की मी निष्काळजी माणूस आहे आणि मोठ्या मनानं मला माफ करते आहे. मला तिची माफी नको. ती माझ्या वाट्याची नाही. मी तिला सांगू शकलो असतो. पण मी सांगितलं तर तो माझा बचाव ठरेल, फोटोवाल्यानं आपलं खापर बापावर फोडलं असं होईल, आणि बाप पुन्हा मोकळा.

डिस्कवाल्याशी माझा व्यवहार संपला. त्यानं माल जुना दिला, मी पैसे सोडून त्याच्याकडून शेठचं नाव घेतलं, बरोबरी झाली. आता मी डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतो, वेगळ्या कंपन्यांच्या. जास्त पैसे जातात आणि दर वेळी जिवावर येतं. लग्नवाल्यांना आधीच सांगतो की एक डिस्क तुमची, तुमच्या घरी, नाहीतर दुसरा फोटोवाला बघा. बरेच जण दुसरा बघतात.

पण शेठ, तुमच्याशी संपलेलं नाही. मी तुम्हाला फोन लावतो आहे, वाजून वाजून बंद होतो. तुमच्या वडिलांनी भरमांडवात सांगितलंच होतं की तुम्ही उचलत नाही. तेवढं तरी मी कापायला नको होतं. मला तुमचे पैसे नकोत, पोराच्या लग्नाचं काम नको. साहेबांचा सत्कार तिन्ही बाजूंनी माझ्याकडं सुखरूप आहे, हवा तेव्हा घेऊन जा, डिस्क घेऊन या. फक्त नाशिकला फोन लावा. फोडली म्हणून सही केलेली डिस्क तुम्ही नगावर विकली आणि तिच्यातच आबा गेले, हे तुमच्या मुलीला तुमच्या तोंडानं सांगा. ती पुढं जे विचारील त्याचं उत्तर मी देणार नाही, चाकणचा डिस्कवाला देणार नाही. तुम्ही द्यायचं. आणि ते ऐकून तिनं फोन ठेवला, आणि मग कधीतरी स्वतःहून परत लावला, तर शेठ, त्या वेळी तरी तो उचला.